बापाचा पाय

आमच्या वसईकडे फुटबॉलचा सामना असला की गावची माणसं कायम समोरच्या टीमच्या गोलमागे बसतात. गोल तिथे होणार, मग आपल्या गोलमागे बसून माशा मारायच्या का, असा सरळ हिशेब. हाफटाइमला टीम बाजू बदलतात तशी माणसंही बदलतात. चटया, छत्र्या, पोरं, डबे उचलून अख्खं गाव मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला चालत जातं. माझ्या लेकीच्या दुबईतल्या कॉलेजच्या मैदानावर आम्ही हीच रीत सुरू केली, तेव्हा बाकीच्या मुलींचे आईबाप आमच्याकडे बघतच राहिले. तिथे कडेला नीट पायऱ्या बांधल्या आहेत, वर सावली आहे. आम्ही मात्र घडीच्या खुर्च्या घेऊन गोलमागे, उन्हात.

आम्ही म्हणजे शारजा आणि आसपासची मूठभर वसईकर मंडळी, महिन्यातून एकदा मराठी मिस्साला, म्हणजे मराठीतल्या प्रार्थनाविधीला, चर्चमध्ये भेटणारी. त्यातली मी खाण्याच्या खात्यावर. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. शनिवारी सकाळी उठून फुगे तळायचे आणि डबा भरून न्यायचा, एवढं माझं काम. फुगे म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे. आमच्याकडे लग्न असो नाहीतर बाप्तिस्मा, त्यांच्याशिवाय पान हलत नाही. सामना संपायच्या आत डबा रिकामा झाला नाही असं कधी झालं नव्हतं. टीम हरली तर माणसं दुःखाने खायची. जिंकली असती तर आनंदाने खाल्ले असते, पण तो प्रसंग येत नव्हता.

माझा नवरा अबू धाबीच्या पार टोकाला, रुवैसला, रिफायनरीत. आठवडाभर तिथे कंपनीच्या खोलीवर राहतो, शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे शारजाला येतो आणि रविवारी जेवून परत जातो. तरुणपणी तो गावच्या टीमचा फॉरवर्ड होता. त्याच्या डाव्या पायाचे किस्से मी लग्नाआधीपासून ऐकत आलेय. आमच्या लग्नात टोस्ट उचलणाऱ्या माणसाने माझं कौतुक दोन वाक्यांत उरकलं आणि बाकीचा वेळ त्या डाव्या पायाला दिला. पुढे गल्फचा व्हिसा आला आणि तो पाय सेफ्टी शूजमध्ये गेला तो गेलाच.

लेक इथेच जन्मली, इथेच वाढली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींचंही काही अडत नाही. लहानपणी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ती बॉल मारायची तो डाव्या पायाने. बस्स, तेवढं पुरलं. वसईहून आलेला प्रत्येक पाहुणा तिला बॉल मारायला लावायचा आणि मान डोलवायचा, ‘बापाचा पाय आहे.’ नवरा वरवर ‘छे छे’ म्हणायचा. त्या संध्याकाळी तो एक पोळी जास्त खायचा, हे मला दिसायचं.

कॉलेजच्या टीममध्ये ती फॉरवर्ड झाली आणि तिला नऊ नंबरचा शर्ट मिळाला, तेव्हा आमच्या मंडळींमध्ये सण साजरा झाला. या सगळ्याचे पुढारी बँडवाले अंकल. ते उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. गावी असताना लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे आणि इथेही ट्रम्पेट घेऊनच आले. मिस्साचं गायन, कुणाचा वाढदिवस, कुणाची मयत, सगळं तेच बघतात. माणूस सोन्यासारखा, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी त्यांच्यावर डूख धरू नये. त्यांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर जाहीर केलं, “पोरीचा पहिला गोल झाला की मी वाजवणार. तोवर या ट्रम्पेटला तोंड लावणार नाही. लग्नाला पण नाही.”

गोल होईना. टीम तशी वाईट नव्हती. मागच्या मुली अडवायच्या, मधल्या पुढे द्यायच्या आणि पुढे गेलेला बॉल सासरी रुसलेल्या पोरीसारखा दर वेळी माघारी यायचा. शून्य-शून्य, शून्य-एक, परत शून्य-शून्य. पुढे खेळणाऱ्या मुली तिघी होत्या, पण आमच्या मंडळींना दिसायची ती एकच. बॉल तिच्याकडे निघाला की खुर्च्या करकरायच्या, सगळे अर्धे उठायचे. अंकल ट्रम्पेट पिशवीतून काढून मांडीवर घ्यायचे, मग ओठांपर्यंत न्यायचे, आणि बॉल गेला की परत मांडीवर. संध्याकाळच्या उन्हात ते पितळ लखलखायचं.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी केकचे फोटो आणि मयतीचे निरोप यायचे. आता शनिवारी संध्याकाळपासून व्हॉइस मेसेज सुरू व्हायचे. जन्मात ज्यांनी बॉलला पाय लावला नाही तेही सांगायला लागले की हिने बाहेरूनच मारायला हवा होता, हिला कोणी पास देत नाही, कोच जॉर्डनची बाई आहे, तिला आपल्या मुलीचं काय पडलंय. मध्येच कुणीतरी हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या संतांचं चित्र पाठवायचं, खाली ‘हरवलेला गोल सापडू दे’. एकदा लेकीने एवढंच लिहिलं की गवत ओलं होतं, पाय घसरत होता. त्यावर एका बाईने ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ असं लिहून तीन हसरे चेहरे टाकले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं, कारण तीच बाई माझ्या आजारपणात आठवडाभर घरी जेवण आणून देत होती. परदेशात आपली माणसं मोजकीच असतात. त्यांच्याशी भांडायचं तर दहा वेळा विचार करावा लागतो.

माझी नोकरी दुबईत, दातांच्या दवाखान्यात, रिसेप्शनला. घाबरलेलं माणूस कसं दिसतं हे मला कुणी शिकवायला नको. पेशंट हसत येतो, मोबाइल बघत बसतो, नाव पुकारलं की म्हणतो, आधी यांना जाऊ द्या, मला घाई नाही. लेक मैदानावर नेमकं तेच करत होती. गोलसमोर बॉल मिळाला की ती दुसरीला देऊन टाकायची. आमची मंडळी म्हणायची, केवढी निःस्वार्थी पोर. मला मात्र दवाखान्यातला पेशंट दिसायचा.

घरीही ते दिसत होतंच. शनिवारचं खाणं तिने सोडलं. आधी म्हणायची, भूक नाही. मग फुगे तळायचा वास आला की खोलीचं दार लावून घ्यायला लागली. ही तीच पोर, जी लहानपणी गरम फुगा फुंकर न मारता तोंडात टाकायची आणि जीभ भाजली की माझ्यावरच चिडायची. मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “टेन्शन असतं गं. मी पण मॅचच्या दिवशी उपाशीच खेळायचो. एक गोल होऊ दे, सब ठीक हो जाएगा.” त्याला काळजी नव्हती असं नाही. पण त्याच्या काळजीचं औषधही एकच होतं, गोल. रुवैसला त्याच्या मेसमध्ये सगळ्यांना लेकीचे सामने माहीत होते. दर रविवारी तो तिथे पोचला की लोक विचारायचे, काय, कल हुआ क्या? आणि तो सांगायचा, नेक्स्ट वीक, इन्शाल्ला.

मग त्या महिन्याचा मराठी मिस्सा आला. आमच्यात श्रद्धावंतांच्या प्रार्थना वाचतात. आजाऱ्यांसाठी, नोकरी गेलेल्यांसाठी, मृतांसाठी. प्रत्येक मागणी झाली की सगळं चर्च एका सुरात म्हणतं, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. कुणाला काही मागायचं असलं की तो अंकलना कळवतो आणि अंकल माइकवर वाचतात. त्या दिवशी त्यांनी आधी डायलिसिसवर असलेल्या एका गृहस्थांसाठी प्रार्थना केली. मग चष्मा सारखा करून म्हणाले, “आपल्या समाजाची कन्या,” आणि माझ्या लेकीचं नाव घेतलं, आडनाव आणि गावासकट, “हिच्या पायातून या मोसमात गोल व्हावा म्हणून आपण प्रार्थना करू या.”

ती माझ्या शेजारीच बसली होती. मला वाटलं आता ही उठून जाणार. सगळं चर्च म्हणालं, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. आणि तीही म्हणाली. नेहमी ती पुटपुटते, त्या दिवशी अगदी स्वच्छ, मोठ्याने म्हणाली. समोर बघत होती. तिच्या पलीकडे तिचा बाप हात जोडून, डोळे मिटून. अंकलनी त्याला फोनवर विचारलं होतं आणि हा ‘बोला की, काय हरकत आहे’ म्हणाला होता, हे मला नंतर कळलं. पुढची प्रार्थना मृतात्म्यांसाठी होती.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “ममा, दे प्रेड फॉर मी बिटवीन द डायलिसिस अंकल अँड द डेड.” नवरा हसला. मीही हसले. ती हसली नाही. घरापर्यंत काचेला डोकं टेकून बसली.

त्याच्या पुढच्या शनिवारी पेनल्टी मिळाली. एवढं मलाही कळतं की पेनल्टी म्हणजे समोर फक्त गोलकीपर आणि मारणारी. बॉल लेकीच्या हातात. आमच्याकडे सगळे उभे. एकीने क्रुसाची खूण केली. नवऱ्याने मोबाइल वर धरला, व्हिडिओसाठी, कारण हा गोल रुवैसच्या मेसमध्ये दाखवायचा होता. अंकलनी ट्रम्पेट ओठांना टेकवलं.  ती बॉल ठेवायला वाकली, तिने मान वर केली, गोलकीपरकडे नाही तर तिच्या मागे, आमच्याकडे बघितलं. मग बॉल उचलला आणि चालत जाऊन कॅप्टनच्या हातात दिला. कॅप्टनने मारलेला बॉल गोलच्या वरून आमच्या खुर्च्यांमध्ये येऊन पडला.

सामना संपल्यावर ती कुठे दिसेना म्हणून मी शोधायला गेले. कपडे बदलायच्या खोलीमागे भिंतीला हात टेकून ती ओकत होती. पोटात काही नव्हतंच, नुसतं पाणी येत होतं. मी पाठीवरून हात फिरवला. ती म्हणाली, “डोन्ट टेल डॅडा.” गाडीत डॅडाने अगदी हळू आवाजात, जपून विचारलं, “बेटा, तू का नाही मारलीस?” तिने कानात इअरफोन घातले. तो आरशात तिच्याकडे बघत राहिला आणि मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा भानावर आला.

मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. गोलाची नाही, गोलाचं काय घेऊन बसलात. या पोरीने आयुष्यात स्वतःहून एकच गोष्ट धरली होती, बॉल. शाळा बदलली, मैत्रिणींचे बाप नोकऱ्या गेल्यावर कुटुंबं घेऊन इंडियाला परतले, आठवड्यातले पाच दिवस घरात बाप नाही. या सगळ्यात ती खाली पार्किंगमध्ये जाऊन भिंतीवर बॉल मारायची आणि घामाने भिजून, हसत वर यायची. ते हसणं आमच्या डोळ्यांदेखत निघून चाललं होतं. आणि ते हिरावून घेणारं कोणी दुष्ट नव्हतं, सगळी प्रेमाचीच माणसं होती. मी भांडू तरी कुणाशी?

संध्याकाळी मी कामावरून सुटले की तिला कॉलेजातून घेते आणि आम्ही दोघी शारजाच्या रस्त्याला लागतो. त्या जॅमला सगळे शिव्या देतात. मी देत नाही. घरी गेल्यावर ती तिच्या खोलीत आणि मी स्वयंपाकघरात, मग काय बोलणं व्हायचं ते त्या रस्त्यावरच. त्या आठवड्यात मधल्याच एका दिवशी गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. ती अचानक म्हणाली, “आय आस्क्ड कोच टू पुट मी ॲट द बॅक.”

“मागे म्हणजे?”

“डिफेन्स. शी सेड यस राइट अवे. शी सेड आय रीड द गेम बेटर फ्रॉम देअर.”

मी विचारलं, तुला आवडेल का मागे खेळायला? ती म्हणाली, तिकडे मला श्वास घेता येतो. मग समोरच्या ट्रककडे बघत म्हणाली, “ममा, व्हेन द बॉल कम्स, आय सी दॅट ट्रम्पेट फर्स्ट. बिफोर द बॉल. इट शाइन्स.” नंतर थोड्या वेळाने, आणखी हळू, “यू टेल डॅडा. आय कान्ट. ही विल स्टॉप कमिंग.”

मी म्हटलं, वेडी आहेस का, तुझा बाप आहे तो. पण म्हणताना माझाच आवाज मला खोटा वाटला. कारण मला खरंच माहीत नव्हतं. तो दर शनिवारी कशासाठी येतो, लेकीसाठी की त्या डाव्या पायासाठी, हे मी कधी विचारलंच नव्हतं. विचारायची वेळच आली नव्हती.

घरी पोचल्यावर चहा ठेवला आणि रुवैसला फोन लावला. सगळं सांगितलं, ओकण्याचंसुद्धा. ओकण्याबद्दल तो काही बोलला नाही. नुसतं म्हणाला, “डिफेन्स?” डॉक्टरने आजाराचं नाव सांगितल्यावर माणूस जसं म्हणतो तसं. मग म्हणाला, “आपल्या घरात कोणी मागे खेळलं नाही.”

“आपल्या घरात तू एकटाच खेळलायस,” मी म्हटलं.

“कोचने काढलं का तिला पुढून? सच सच बोल.”

“तिने स्वतः मागितलं. तिला त्रास होतोय. कळतंय का तुला? पोरगी खात नाही.”

पलीकडे मागे कुठेतरी गाडीचा रिव्हर्सचा पीं पीं आवाज येत होता. मग तो म्हणाला, “खलास मग. तिची मर्जी.” मी विचारलं, शनिवारी येतोयस ना? “या वीकला ओव्हरटाइम आहे. बघतो. इन्शाल्ला.” इतकी वर्षं इथे काढल्यावर कुठला इन्शाल्ला म्हणजे हो आणि कुठला म्हणजे नाही हे आवाजावरून कळायला लागतं. मी फोन ठेवला. लेक दारात उभी होती. 

शुक्रवारी तो आला नाही. शनिवारी सकाळी मी तरीही फुगे तळले, कारण हात रिकामे ठेवले असते तर रडले असते. लेकीने दार लावून घेतलं होतं. निघताना तिने एकदाच विचारलं, “इज ही कमिंग?” मी म्हटलं, काम आहे गं त्याला. ती बुटांच्या नाड्या बांधत होती, त्या तिने सोडून परत बांधल्या.

मैदानावर आमची मंडळी नेहमीप्रमाणे समोरच्या गोलमागे. टीम आत आली आणि नऊ नंबरचा शर्ट दुसऱ्याच मुलीच्या अंगात. आमची पार दुसऱ्या टोकाला, आपल्या गोलसमोर, चार नंबर घालून. एवढ्या लांबून तिचा चेहराही दिसत नव्हता. मंडळींनी माझ्याकडे बघितलं. मी डब्याचं झाकण उघडून पुढे केलं. कुणी घेतलं नाही. मयतीच्या घरी खायला संकोच वाटतो ना, तसं काहीसं होतं ते. अंकलनी ट्रम्पेट आणलं होतंच. मला धीर द्यायला म्हणाले, “टेन्शन नको घेऊ, बाय. मागचे पण पुढे येऊन गोल मारतात. बहुत बार देखा है.”

“अंकल,” मी म्हटलं, “तिला नाही मारायचा गोल.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी म्हटलं की हिला जेवायचं नाही. बिचाऱ्यांना ते समजेचना. कोण पोर म्हणेल मला गोल नको?

पहिल्या हाफमध्ये मी पुढचा खेळ बघितलाच नाही, लांबची ती चार नंबरची आकृती बघत होते. ती हात करून दुसऱ्या मुलींना सांगत होती, इकडे ये, तिकडे थांब. ओरडतही होती. ती मैदानावर बोलते हेच मला माहीत नव्हतं. बॉल आला की काढून टाकत होती, कुठेही न बघता. हे सगळं बघायला तो हवा होता, असं माझ्या मनात सारखं येत होतं, आणि त्याचा रागही येत होता.

हाफटाइम झाला. खुर्च्या घडी झाल्या, मंडळी दुसऱ्या टोकाला निघाली. मीही डबा घेऊन निघाले, सवयीने. आणि मैदानाच्या मध्यावर, कडेकडेने, समोरून माझा नवरा येताना दिसला. अंगात कंपनीचा शर्ट, पायात अजून सेफ्टी शूज, हातात घडीची खुर्ची. पार्किंगमधून तो थेट आमच्या दिशेने येत होता. मला वाटलं आता हा वळून आमच्याबरोबर चालायला लागेल. तो थांबलाच नाही. आम्ही एकीकडे चाललेलो, तो उलटा.

अंकल म्हणाले, “अरे, किधर? गोल तिकडे होणार आता.”

“पोरगी इकडे उभी राहणार ना,” तो म्हणाला आणि पुढे गेला.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. लक्षात येईपर्यंत मी मंडळींबरोबर पलीकडे पोचलेही होते. मागे वळून बघितलं तर आमच्या गोलमागे, जिथे आमच्यातलं कुणी कधी बसलं नव्हतं, तिथे त्याने खुर्ची उघडली होती. एकटाच. मोबाइल बाहेर काढला नव्हता. हात गुडघ्यांवर. लेक आपल्या जागेवर आली, तिने जाळीकडे बघितलं आणि क्षणभर तशीच उभी राहिली. मग शिट्टी वाजली.

सामना संपत आला होता. अजून शून्य-शून्य. समोरच्या मुलींनी कडेने बॉल आत टाकला, जमिनीलगत, जोरात. लेक धावत आली, बॉल बाहेर काढायला तिने पाय लांब केला, आणि बॉल तिच्या पायाला लागून वळला. आमच्या टोकावरून आधी काही कळलंच नाही. मग आमची गोलकीपर मटकन खाली बसलेली दिसली, आणि पलीकडच्या मुली एकमेकींना मिठ्या मारताना दिसल्या. एकीने विचारलं, काय झालं? कुणीतरी हळूच सांगितलं, सेल्फ गोल. हिच्याच पायाने.

अंकलनी ट्रम्पेट पिशवीत ठेवलं आणि चेन ओढली. “यासाठी नव्हतं मागितलं,” ते म्हणाले. मला म्हणाले नाहीत, वर बघून म्हणाले.

लेक बॉल काढायला जाळीत गेली होती आणि तिथेच उभी होती, आमच्याकडे पाठ करून. जाळीपलीकडे तिचा बाप खुर्चीवरून उठून उभा. तिचे खांदे हलत होते. मी डबा उचलला आणि चालायला लागले, मग पळायलाच लागले, या वयात, साडी नव्हती एवढंच नशीब. संपलं, हेच डोक्यात. आता ही पोर बॉलला पुन्हा पाय लावणार नाही.

पोचले तेव्हा ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. दोन्ही एकदम कसं होतं ते मला तेव्हा कळलं. नवरा जाळीतून बोटं घालून तिचा खांदा धरून होता.  शेवटी म्हणाला, “डावा लागला ना?”

तिने मान हलवली आणि मराठीत, आमच्या पाहुण्यांच्या अगदी त्याच सुरात म्हणाली, “बापाचा पाय आहे.”

रेफरीने शिट्टी वाजवून बोलावलं. तिने बाहीने तोंड पुसलं, बॉल काखेत मारला आणि धावत मधे गेली. उरलेला सामना मी आणि नवऱ्याने आमच्या गोलमागेच बसून बघितला, एका खुर्चीवर तो, आणि डबा बाजूला ठेवून गवतात मी. आम्ही त्याच एका गोलने हरलो. मंडळी लांबूनच हात करून निघून गेली. त्या संध्याकाळी ग्रुपवर एकही मेसेज आला नाही, आणि खरं सांगायचं तर ती शांतता मला त्या सगळ्या मेसेजपेक्षा जास्त लागली. अंकलनी शब्द मोडला नाही. ट्रम्पेट अजून बंदच आहे. मागच्या महिन्यात त्यांच्या भाचीच्या लग्नात ते नुसते टाळ्या वाजवत होते.

परतताना माझी गाडी तिथेच ठेवून आम्ही नवऱ्याच्या गाडीत बसलो.  तो पहाटेच कामावर गेलेला, अर्ध्यातून सुट्टी मागून तिथून सरळ आलेला, डोळे लाल. तिने पेनल्टी का मारली नाही, ती पुन्हा पुढे कधी खेळणार, या मोसमात काय होणार, यातलं काहीएक त्याने विचारलं नाही. शारजाच्या जॅममध्ये गाड्या थांबल्यावर त्याने आरशात बघून विचारलं, “नेक्स्ट वीक मी कुठे बसू?”

“सेम प्लेस,” ती म्हणाली.

तो पुढे बघायला लागला. समोर सगळे लाल दिवे. थोड्या वेळाने मागच्या सीटवरून माझ्या खांद्याशी हात आला. “ममा, फुगे आहेत?”

त्या दिवशी डब्याला कुणी हात लावला नव्हता. मी झाकण काढलं आणि भरलेला डबा तसाच तिच्या मांडीवर ठेवला.